बाबांची चावी, आईचं मत

१५ जानेवारीची सकाळ. सात वाजले नाहीत तोच आई इस्त्रीची सुती साडी नेसून दारात उभी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मतदार ओळखपत्र.

"आई, आज किंक्रांत. किंक्रांतीला नवं काही करू नये असं तूच सांगायचीस ना?" चहाचा कप हातात घेऊन मी तिला चिडवलं.

"नवं कुठं काय करतेय? नऊ वर्षं राहिलेलं जुनंच काम आहे," ती म्हणाली. "चल, चपला घाल."

लालबागच्या आमच्या चाळीपासून मतदान केंद्र दहा मिनिटांवर. म्युन्सिपाल्टीची शाळा. पहिली ते सातवी मी जिथे शिकले, तीच. आईला आत सोडून मी फाटकाबाहेर थांबले, कारण माझं नाव यादीत नव्हतं. रांगेत चाळीतले ओळखीचे चेहरे. "काय गं, लंडनवरून मत द्यायला आलीस काय?" एका काकूंनी हसत विचारलं. मीही हसले. पण तो प्रश्न काही हसण्यावारी गेला नाही.

उभ्या उभ्या हिशेब केला. मी ५३ वर्षांची. पहिली २९ वर्षं मुंबई आणि आसपास, पुढची २४ लंडनमधल्या हॅरोत. हॅरोच्या कौन्सिलला मी आजवर सहा वेळा मत दिलंय. आणि ज्या पालिकेच्या इस्पितळात जन्मले, जिच्या शाळेत शिकले, जिच्या पगारावर वाढले, जिच्या स्मशानभूमीत वडिलांना निरोप दिला, तिला? एकदाही नाही.

गेल्या वर्षी पौषात बाबा गेले. डिसेंबरच्या अखेरीस त्यांच्या वर्षश्राद्धासाठी मी आले आणि आईसोबत थोडी जास्त राहिले. बॅगेत एक फॉर्म होता, ब्रिटिश नागरिकत्वाचा. नवरा आणि मुलं केव्हाच तिकडची झाली आहेत. पासपोर्टाच्या दोन वेगळ्या रांगांत उभं राहून मीच आता कंटाळलेय. बाबा असेपर्यंत भरायचा नाही, असं मनाशी कुठेतरी ठरवलं होतं. आता ते नाहीत. फॉर्म मात्र अजून कोराच आहे.

बाबा म्युन्सिपाल्टीत चावीवाले होते. नव्या पिढीला हे काम ठाऊक नसेल म्हणून सांगते. मुंबईत चोवीस तास पाणी कुठेच नसतं म्हटलं तरी चालेल. प्रत्येक भागाची वेळ ठरलेली. कुणाचं पहाटे चारला, कुणाचं दुपारी, कुणाचं रात्री. ही वेळ पाळण्यासाठी रस्त्याखालच्या जलवाहिन्यांवरचे व्हॉल्व माणसाने जाऊन उघडायचे आणि बंद करायचे. त्यासाठी माणसाच्या छातीएवढी लांब लोखंडी चावी असते, वर आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची आणि फेरे मोजत फिरवायची. जलखात्यात बाबांनी हे काम ३४ वर्षं केलं. १९७० ते २००४.

कुठल्या व्हॉल्वला किती फेरे, हे त्यांच्या एका लहानशा डायरीत लिहिलेलं असे. 'शाळेसमोर, १४.' 'पिंपळाजवळ, २२, शेवटचे दोन हळू.' चावी खात्याची होती, ती निवृत्तीच्या दिवशी जमा झाली. डायरी घरी राहिली. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत ती मला परवा सापडली.

आपल्या नळाला पाणी आपले बाबा सोडतात, असं मला लहानपणी वाटायचं. तसं नव्हतं. आमच्या चाळीचं पाणी दुसराच कुणी सोडायचा आणि बाबा सोडायचे ते तिसऱ्याच वस्तीचं. पाण्याच्या वेळेला बाबा घरी कधीच नसायचे. पिंपं भरायला आम्ही मायलेकी. कधी कधी त्यांच्या भागातली माणसं घर शोधत यायची. "दहा मिनिटं जास्त सोडा हो, घरात लग्न आहे." बाबा चहा पाजायचे, गप्पा मारायचे आणि शेवटी सांगायचे, "तुमची दहा मिनिटं म्हणजे टेकडीवरच्या बाईचा एक हंडा. तिच्या घरी जाऊन विचारून या. ती हो म्हणाली तर सोडतो." कुणी विचारायला गेल्याचं आठवत नाही.

२००२ च्या मे महिन्यात हॅरोच्या घरी टपालातून एक कार्ड आलं. माझ्या नावाचं, कौन्सिलच्या निवडणुकीचं. मला वाटलं काहीतरी चूक झाली असणार. मी भारतीय पासपोर्टवाली, येऊन वर्षही झालेलं नाही. मग कळलं की ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाच्या नात्याने तिथल्या निवडणुकांत मत देता येतं. बाबांना फोन केला. ते दोन क्षण गप्प. मग मोठ्याने हसले.

"म्हणजे साहेबाच्या म्युन्सिपाल्टीला माझी पोरगी मत देणार! दे, दे. नक्की दे." आणि जरा थांबून, "आपल्या म्युन्सिपाल्टीला काही दिलं नाहीस कधी."

ते टोचून बोलत नव्हते, तरी मला टोचलं. १९९२ ला मी वीस वर्षांची होते. मतदानाच्या दिवशी सुट्टी, म्हणून मैत्रिणींबरोबर माथेरानला गेले. १९९७ ला लग्न होऊन डोंबिवलीला गेले होते, तिथली महापालिका वेगळी. आणि २००१ मध्ये विमानात बसले. मत राहून गेलं ते असं. कुणी अडवलं नव्हतं.

त्या फोननंतर मी मुंबई पालिकेबद्दल वाचायला लागले. बाबांच्या तोंडून तुकडे तुकडे ऐकलं होतं, ते जोडत गेले. आणि लक्षात आलं, आपण फुकट घालवलं ते मत आपल्याला फुकट मिळालेलंच नव्हतं.

१८६५ च्या कायद्याने मुंबईला म्युनिसिपल कमिशनर मिळाला. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, त्यांच्याच नावाची. माणूस झपाट्याचा. रस्ते, गटारं, सफाई, मंडई असा कामांचा धडाका लावला, पण खर्चाला लगाम नाही. तेवढ्यात अमेरिकेतली यादवी संपली, कापसाचे भाव पडले, मुंबईतल्या शेअरबाजाराचा फुगा फुटला. पैसा आटला आणि करांचा बोजा लोकांना जड झाला. शहराचा कारभार पाहायला सरकारने नेमलेली 'जस्टिस ऑफ द पीस' मंडळी होती, पण कमिशनरला जाब विचारण्याची जबाबदारी नेमकी कुणाची, तेच धड नव्हतं.

१८७१ मध्ये करदात्यांचा संताप उसळला. सगळे क्रॉफर्डच्या नावाने बोटं मोडत असताना फिरोजशा मेहता नावाचा तरुण बॅरिस्टर उठला आणि म्हणाला, की दोष माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. कमिशनर कर्तबगारच हवा, पण त्याच्यावर नजर ठेवायला लोकांनी निवडलेली माणसं हवीत. तेव्हा हे फारसं कुणाला रुचलं नाही. पण १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांचं कॉर्पोरेशन आलं आणि त्यातले निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. १८७३ मध्ये ते कामाला लागलं.

पुढे १८८८ चा कायदा झाला. त्याला आकार देण्यात फिरोजशांबरोबर आपले काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. असंख्य दुरुस्त्या झाल्या, पण मुंबईचा कारभार आजही त्याच कायद्यावर चालतो. बाबांची नेमणूकही त्याच्याच खाली आणि आईचं मतही. फिरोजशा चार वेळा कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. बोरीबंदरसमोरच्या पालिका मुख्यालयापुढे त्यांचा पुतळा आहे. मी सातवीत असताना बाबांनी तिथे नेऊन "हे आपलं हापिस" म्हणून ती इमारत दाखवली होती. तिची कोनशिला १८८४ मध्ये लॉर्ड रिपनच्या हातची. बोरीबंदर स्टेशन बांधणाऱ्या स्टीव्हन्सनेच ती बांधली, पुरी झाली १८९३ ला. बाबा आयुष्यात त्या इमारतीत दोन-तीनदाच गेले असतील. तरी हापिस आपलंच.

लंडनच्या वाचकांसाठी एक गंमत. १८९२ मध्ये फिन्सबरीतून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेलेले दादाभाई नवरोजी त्याआधी मुंबईच्या कॉर्पोरेशनचे सभासद होते. दोन शहरांत पाय ठेवून उभं राहणारे आपण काही पहिले नव्हे.

पण ते मत होतं कुणाला? कर भरणाऱ्याला, म्हणजे मालमत्तावाल्याला. माझे आजोबा राजापूरहून येऊन गिरणीत लागले. एका खोलीत बारा जण, पाळीपाळीने झोपायचं. मुंबई ज्यांच्या घामावर उभी राहिली त्या माणसांना मुंबईच्या कारभारात मत नव्हतं. १९२२ मध्ये दार थोडं उघडलं आणि घरभाडं भरणाऱ्यांपर्यंत मत आलं. पण प्रौढ मतदानाने पालिका निवडली गेली ती १९४८ मध्ये. १८७३ ते १९४८. पंचाहत्तर वर्षं! आईचं वय तेवढंच आहे.

आता कामाचं सांगते. कारण म्युन्सिपाल्टी म्हटलं की आपल्याला आठवतात ते खड्डे आणि पावसाळ्यात तुंबलेलं पाणी. तेही खरंच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पर्जन्यवाहिन्या कोणाच्या आणि मिठी नदीचं काय झालं, हे प्रश्न सगळ्या जगातल्या मराठी माणसाने विचारले. विचारायलाच हवेत. पण त्या १८८८ च्या कायद्याचं ६१ वं कलम एकदा वाचून पाहावं. पालिकेने जी कामं केलीच पाहिजेत त्यांची ती यादी. पिण्याचं पाणी, मलनिस्सारण, कचरा, रस्ते, रस्त्यांवरचे दिवे, मंडया, प्राथमिक शाळा, इस्पितळं, साथीच्या रोगांना आळा, लस टोचणं, आग विझवणं, पडायला आलेल्या इमारतींचा बंदोबस्त, स्मशानं आणि दफनभूमी, जन्म-मृत्यूची नोंद. रस्त्याला नाव आणि घराला नंबर देणंसुद्धा. त्यापुढचं ६३ वं कलम आहे ते जमलं तर करायच्या कामांचं. बागा, वाचनालयं, पोहण्याचे तलाव वगैरे.

माझ्या लंडनच्या कौन्सिलकडे यातलं निम्मंही नाही. तिथे पाणी खाजगी कंपनीचं, इस्पितळ राष्ट्रीय आरोग्य सेवेचं, बस आणि अग्निशमन दल सगळ्या लंडनचं मिळून. मुंबईत हे सारं एकाच छपराखाली. केईएम, नायर, सायन, कूपर ही इस्पितळं पालिकेची, त्यांच्यासोबतची वैद्यकीय महाविद्यालयंही पालिकेची. केईएम सुरू झालं १९२६ ला. त्याच्या शेजारच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजासाठी देणगी देणाऱ्यांनी अट घातली होती, की शिकवणारे सगळे भारतीय हवेत. १९४७ च्या ७ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, वीज आणि ट्राम-बसची कंपनीही पालिकेने घेतली. तीच आपली बेस्ट. शाळा तर मराठीपासून तमीळ, उर्दूपर्यंत आठ भाषांत. २०२५-२६ चं पालिकेचं अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचं आहे. गोव्यासारख्या राज्याच्या अंदाजपत्रकापेक्षा कितीतरी मोठं.

या सगळ्यात बाबांचा जीव होता तो पाण्यात. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२ ही सनं त्यांना पाढ्यासारखी पाठ. वैतरणेवरच्या धरणाला ते 'मोडकसाहेबांचं धरण' म्हणत. पालिकेचे इंजिनीअर ना. वि. मोडक यांच्या नावाने तो मोडकसागर, १९५७ चा. मग अप्पर वैतरणा, भातसा आणि त्यांच्या निवृत्तीनंतर, २०१४ मध्ये, मध्य वैतरणा. असे सात तलाव. त्यातले विहार आणि तुळशी तेवढे मुंबईत, बाकीचे शंभर शंभर किलोमीटर लांब. तिथून पाणी बऱ्याच अंशी उतारानेच येतं. रोज सुमारे ३८०० दशलक्ष लिटर. मलबार हिलवर हँगिंग गार्डन बघायला आपण पाहुण्यांना नेतो ना, त्या बागेच्या पोटात पाण्याची टाकी आहे. बाबा पाहुण्यांना बाग दाखवायचे नाहीत, टाकी सांगायचे.

पण एक गोष्टही ते सांगायचे आणि सांगताना आवाज खाली यायचा. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. "धरण उशाला, कोरड घशाला," ते म्हणायचे. "आपण नळ सोडून दात घासतो तेव्हा हे ध्यानात ठेव." हॅरोत अजूनही मी दात घासताना नळ बंद करते. मुलांना वाटतं आई कंजूष आहे.

दुसरी गोष्ट झोपडपट्टीची. ठरावीक तारखेनंतर वसलेल्या झोपड्यांना पाण्याची जोडणी द्यायची नाही, असा नियम बरीच वर्षं होता. बाबा नियमाने चालणारे, पण हा नियम त्यांना कधी पचला नाही. "तहानेला कसली तारीख?" पाणी हक्क समितीने हे प्रकरण उच्च न्यायालयात नेलं. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की घर बेकायदा असलं तरी त्यात राहणाऱ्या माणसाचा पाण्याचा हक्क बेकायदा ठरत नाही. ती बातमी बाबांनी मला फोनवर अख्खी वाचून दाखवली. माझं कामाचं गडबडीचं दुपारचं टायमिंग होतं. मी हं हं करत राहिले. आज त्याचं वाईट वाटतं.

ट्रंकेत डायरीखाली दोन कागद होते. एक माझा जन्मदाखला. जन्मस्थळ केईएम, परळ. गंमत म्हणजे मूळ नोंदीत नावच नाही, नुसतं 'स्त्री'. पूर्वी असंच असायचं. इस्पितळातून जन्माची नोंद जायची आणि बारशानंतर जाऊन नाव घालून घ्यायचं लोक विसरायचे. म्युन्सिपाल्टीत नोकरी करणारा माझा बापही विसरला! पासपोर्ट काढायच्या वेळी ते उघडकीला आलं. मग त्यांनी एफ दक्षिण वॉर्डाच्या कचेरीत जाऊन नाव घालून आणलं आणि दाखला माझ्या हातात देत म्हणाले, "आता रीतसर जन्मलीस."

दुसरा कागद त्यांच्याच मृत्यूचा दाखला. आईने जपून ठेवलेला. भोईवाड्याच्या स्मशानात वहीत नोंद करणारा माणूस पालिकेचाच होता. त्याने मान वर करून विचारलं होतं, "काय करायचे?" भाऊ म्हणाला, "जलखात्यात. चावीवाले." त्याने पेन खाली ठेवून हात जोडले. हे मला भावाने सांगितलं, कारण मी पोचले दुसऱ्या दिवशी.

त्या दोन कागदांकडे पाहत मी बराच वेळ बसले. सरकारं दिल्लीत बदलतात, मुंबईत बदलतात. आपण परदेशात बसून त्यावर रात्र रात्र वाद घालतो. पण जन्मल्याबरोबर आपली नोंद घेणारं आणि गेल्यावर नाव खोडणारं सरकार वॉर्डाच्या कचेरीत बसतं. त्याच्याबद्दल मंडळाच्या गप्पांत कधी वाद रंगल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता नऊ वर्षांचं. आईने याआधीचं मत दिलं होतं २०१७ च्या फेब्रुवारीत. २०२२ च्या मार्चमध्ये पालिकेची मुदत संपली, पण निवडणूक झाली नाही. प्रभागांच्या रचनेचा आणि ओबीसी आरक्षणाचा प्रश्न कोर्टात अडकत गेला आणि निवडणूक लागली ती थेट या जानेवारीत. मधला सगळा काळ प्रशासकाचा. १८८८ च्या कायद्यात तीन खांब आहेत. एक, निवडून आलेल्यांची महासभा. दुसरी, पैशाला मंजुरी देणारी स्थायी समिती. तिसरे आयुक्त, म्हणजे आपल्या भाषेत कमिशनर, राज्य सरकारने नेमलेले. अंमल आयुक्तांनी करायचा, पण मंजुरी आणि जाब पहिल्या दोघांकडे. जवळजवळ चार वर्षं या तिन्ही जागी एकच खुर्ची होती.

"काम थांबलं नव्हतं हो," आई सांगत होती. "पाणी येत होतं, कचरा जात होता. साहेबलोक होते ना. पण नगरसेवक कसा, आपल्यातला असतो. चांगला असेल, वाईट असेल, गणपतीत मंडपात सापडतो. त्याला चारचौघांत विचारता येतं. साहेबाला कुठं विचारणार?"

फिरोजशा मेहतांनी १८७१ मध्ये जे मांडलं, त्यात आणि आईच्या या बोलण्यात मला काही फरक दिसला नाही. अंमल करणारा कितीही कर्तबगार असो, त्याला विचारणारं कुणी हवं. आणि तो विचारणारा मताशिवाय जन्माला येत नाही.

पाऊण तासाने आई बाहेर आली. बोटावर शाई. चेहऱ्यावर तिळगूळ वाटून आल्यासारखा आनंद. "कुणाला दिलंस?" मी विचारलं. "तुला कशाला सांगू? गुप्त असतं," ती म्हणाली. मग चालता चालता, "तुझे बाबा पहिल्या रांगेत असायचे. रात्रपाळी करून तसेच यायचे. म्हणायचे, आज साहेबसुद्धा एक मत आणि मीसुद्धा एक मत."

परतीचं विमान सकाळचं होतं. पहाटे साडेचारला टॅक्सीसाठी खाली उतरले, तर कोपऱ्यावर एक तरुण मुलगा रस्त्यातलं झाकण उचलत होता. शेजारी तीच लांब लोखंडी चावी. पाय आपोआप थांबले. "माझे वडील हेच काम करायचे," मी म्हटलं. त्याने वर पाहिलं. "कुठला झोन?" मी सांगितलं. "तिकडचे व्हॉल्व आता बदलले," तो म्हणाला आणि चावी फिरवायला लागला. मी मनात फेरे मोजले. चौदा. वर चाळीत कुणाच्या तरी पिंपात पाणी पडल्याचा आवाज आला आणि आईच्या खोलीतला दिवा लागला.

फॉर्म अजून टेबलावर आहे. भरायचा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या घरचं पाहून ठरवावं. त्यात मी कुणाला शहाणपण शिकवणार नाही. इतकंच सांगते, की भारतीय पासपोर्ट असेपर्यंत आपल्यासारख्यांना लोकसभा-विधानसभेच्या यादीत परदेशस्थ मतदार म्हणून नाव घालता येतं. मत द्यायला मात्र तिथे स्वतः हजर राहावं लागतं. मी एवढ्या वर्षांत तेही केलं नव्हतं. तो अर्ज मी परत आल्या आठवड्यात भरला. नागरिकत्वाचा फॉर्म त्यानंतर बघू.

येत्या मेमध्ये हॅरोच्या कौन्सिलची निवडणूक आहे. सातव्यांदा मत देईन. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "दे, दे. सकाळी लवकर जा, रांग नसते." मग नळाखालची कळशी भरल्याचा आवाज आला आणि तिने फोन ठेवला.